अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय? या चुका टाळा

वास येतो म्हणून बाई जास्त धुते. दोन दिवस बरं वाटतं, मग वास परत येतो. मग मेडिकलमधून वॉश येतो, शेजारणीने सांगितलेली तुरटी येते, कुणी तरी सुचवलेली क्रीम येते आणि तीन-चार महिने असेच निघून जातात. या वासामागे बहुतेकदा बॅक्टेरियल व्हजायनोसिस असतं. डॉक्टर त्याला बीव्ही म्हणतात. योनिमार्गातल्या जिवाणूंचं गणित बिघडलं की ते होतं. अस्वच्छतेशी त्याचा संबंध आपण समजतो तेवढा नाही. आतून धुण्याशी मात्र आहे.

आत साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी

योनिमार्ग निर्जंतुक नसतो आणि तो तसा करायचाही नसतो. 1892 मध्ये आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी तिथल्या काडीच्या आकाराच्या जिवाणूंचं वर्णन केलं. आज त्यांना आपण लॅक्टोबॅसिलस म्हणून ओळखतो. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं, त्यावर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे आतला पीएच (आंबटपणाचं माप: आकडा जितका कमी, तितकं जास्त आंबट) साधारण 3.8 ते 4.5 राहतो आणि एवढ्या आंबट जागी उपद्रवी जंतूंना वाढता येत नाही. अंगाच्या साबणाचा पीएच 9-10 च्या घरात असतो. तो आत गेला किंवा जेट स्प्रेचा फवारा आत मारला, की राखणदारच वाहून जातात आणि गार्डनेरेला, प्रिव्होटेला यांच्यासारख्या जिवाणूंना मोकळं रान मिळतं. वास त्यांचा असतो.

बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडा करा, बस्स. ‘पीएच बॅलन्स्ड’ वॉश बाहेरून वापरला तर सहसा बिघडत नाही, पण त्याच्या जाहिरातीत जेवढी भीती घातलेली असते तेवढी त्याची गरजही नसते. सुगंधी पँटीलायनर आणि स्प्रे सरळ बंद करा.

प्रत्येक पांढरं म्हणजे आजार, किंवा उलट: ‘बायकांना हे असायचंच’

पाळीच्या मधल्या दिवसांत पारदर्शक, तार धरणारा स्राव येतो. पाळीआधी तो दाट होतो, गरोदरपणात वाढतो. वास नाही, खाज नाही, जळजळ नाही, तर औषध नको. पांढरं गेल्याने हाडं झिजतात, कंबर धरते, हा समज अजून घरोघरी आहे. कंबर दुखत असेल तर तिचं कारण वेगळं शोधा.

दुसरं टोक त्याहून वाईट. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रिया तपासल्या. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. अंगावर काढायची सवय आपल्याकडे किती जुनी आहे, ते या दोन आकड्यांत दिसतं.

खाजेची क्रीम, सगळ्यांना एकच

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. ‘इन्फेक्शन’ म्हटलं की काउंटरवरून क्लोट्रिमाझोल मिळतं. ते बुरशीचं औषध आहे, बीव्हीवर त्याचा उपयोग नाही. बीव्हीचं मेट्रोनिडाझोल बुरशीला हात लावत नाही, उलट अँटिबायोटिकनंतर कित्येकींना बुरशीचाच त्रास सुरू होतो. म्हणजे चुकीचं औषध नुसतं वाया जात नाही, दुसरं दुखणं मागे लावून देतं.

ओळखायला ढोबळ खुणा अशा. बीव्हीत स्राव पातळ, एकसारखा, राखाडी-पांढरा असतो. मासळीसारखा वास येतो आणि तो संबंधानंतर वाढतो, कारण वीर्य अल्कधर्मी असतं. खाज फारशी नसते. बुरशीत उलटं: वास जवळजवळ नाही, स्राव घट्ट, दह्याच्या कवड्या पडल्यासारखा, आणि खाज इतकी की झोप लागत नाही, लघवी करताना आग होते. ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीच्या संसर्गात स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ असतो. हा संबंधातून पसरणारा आजार आहे, त्यात जोडीदाराचा उपचार हवाच. पण या खुणा एकमेकींत मिसळतात आणि दोन आजार एकाच वेळी असू शकतात, म्हणून नुसत्या वर्णनावर औषध ठरवू नका. स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमपासून तर लांबच राहा. खाज दबते, आजार आत तसाच राहतो आणि त्वचा पातळ होत जाते.

तपासणी काही मोठी नसते. 1983 पासून वापरात असलेल्या ॲम्सेल निकषांत चार गोष्टी पाहतात: स्रावाचं रूप, पीएच 4.5 पेक्षा जास्त आहे का, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर येणारा वास, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंनी माखलेल्या पेशी. चारपैकी तीन जुळल्या की बीव्ही. सरकारी दवाखान्यांतल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये, म्हणजे जननमार्गाच्या आणि लैंगिक आजारांच्या विभागात, उपचार मोफत मिळतात. तिथे बऱ्याचदा लक्षणांवरून दोन-तीन आजारांवर एकत्र चालणारं औषधांचं किट देतात. प्रयोगशाळा हाताशी नसेल तिथे ते योग्यच आहे, पण त्याने बरं वाटलं नाही तर स्वॅब (कापसाच्या काडीवर घेतलेला स्रावाचा नमुना) तपासून घ्यायला सांगा.

आणि तपासणीला जाण्यापूर्वी आतून ‘स्वच्छ’ होऊन जाऊ नका. आदल्या दिवशी संबंध नको, आत गोळी किंवा क्रीम नको, नाही तर पाहायचंय तेच डॉक्टरांना दिसणार नाही. घरच्या पीएच पट्टीचंही तसंच: रक्त किंवा वीर्य असलं की आकडा आपोआप वर जातो.

तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद

मेट्रोनिडाझोलने तोंड कडवट होतं, मळमळतं, हे खरं. नेहमीचा कोर्स सात दिवसांचा असतो, तो पुरा करा. फारच त्रास होत असेल तर जेलचा पर्याय असतो, तसं डॉक्टरांना विचारा. क्लिंडामायसिनची क्रीम दिली असेल तर लक्षात ठेवा: तिच्यातल्या तेलाने लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो.

आत दही, लसणाची पाकळी

नको. विरजणातले जिवाणू वेगळे आणि योनीतले वेगळे, ते तिथे वस्ती करत नाहीत. योनीतून मिळवलेल्या लॅक्टोबॅसिलस क्रिस्पेटसच्या एका खास वाणावर 2020 मध्ये अमेरिकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. मेट्रोनिडाझोलनंतर तो वापरला तेव्हा 12 आठवड्यांत 30 टक्के स्त्रियांना बीव्ही परत झालं, त्याऐवजी प्लासिबो (औषध नसलेला, तसाच दिसणारा डोस) दिलेल्यांत 45 टक्के. फायदा आहे, पण तो त्या वाणाचा आहे. दुकानातल्या कुठल्याही प्रोबायोटिक कॅप्सूलला तो चिकटवता येत नाही. दही जेवणात खा.

परत आलं की स्वतःला दोष देणं

उपचार नीट होऊनही वर्षभरात अर्ध्याहून अधिक जणींना बीव्ही परत होतं. यात तिचा गलथानपणा शोधू नका, नवऱ्याचं बाहेर काही आहे असा निष्कर्षही यावरून काढू नका. मात्र जोडीदाराला बाजूला ठेवणं चूक ठरतंय. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत एकनिष्ठ जोडप्यांमधल्या पुरुषांनाही मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि लिंगाला लावायची क्लिंडामायसिन क्रीम सात दिवस दिली. 12 आठवड्यांत बीव्ही परतण्याचं प्रमाण 63 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर आलं. तेव्हा वारंवार त्रास होत असेल तर पुढच्या वेळी दोघं मिळून जा. बुरशीच पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

गरोदर असाल तर घरचे प्रयोग अजिबात नकोत. बीव्हीचा संबंध वेळेआधी होणाऱ्या प्रसूतीशी आहे, आणि बुरशीवर पोटात घ्यायची फ्लुकोनाझोलची गोळी या काळात टाळतात. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, कोरडेपणा आणि जळजळ त्यातून येते, तिथे अँटिबायोटिक कामाचं नाही. ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जाणं, यांपैकी काहीही असेल तर क्रीमचा विचार सोडा आणि त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप आणि पोटदुखी एकत्र असतील तर त्याच दिवशी.