ग्रंथालयाची वेबसाइट करायला घेताय? आधी देवघेवीच्या काउंटरवर बसा

एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) झालेली, थोडंफार एचटीएमएल येणारी मुलंमुली हल्ली विचारतात, "ग्रंथालयांच्या वेबसाइटचं काम करायचंय. आधी काय शिकू, वर्डप्रेस की कोहा?" वर्डप्रेसने वेबसाइट बनते, कोहा हे ग्रंथालयाचा कारभार आणि पुस्तकांचा शोध चालवणारं सॉफ्टवेअर. दोन्ही शिका, वाया काहीच जात नाही. पण त्याआधी ज्या ग्रंथालयाची साइट करायची आहे, त्याच्या देवघेव विभागात वही घेऊन बसा आणि लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भाषा सुधारायला जाऊ नका.

वही साधारण अशी भरते. आज चालू आहे का? माझ्या नावावर किती पुस्तकं आहेत? अनामत परत मिळते का? मागच्या सेमिस्टरचे पेपर कुठे बघायचे? अभ्यासिकेत जागा आहे का? पुस्तक हरवलं तर किती भरावे लागतात? मग कुठल्याही ग्रंथालयाची साइट उघडा. संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, कार्यकारी मंडळ, आणि सगळ्यात वर उद्घाटनाच्या फोटोंची सरकती पट्टी. वहीतला एकही प्रश्न तिथे सापडत नाही. साइट बहुतेक वेळा मूल्यांकन समिती येणार म्हणून घाईत झालेली असते आणि समितीला जे दाखवायचं तेच तिच्यावर असतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे पाच नियम आपण सगळ्यांनीच परीक्षेत लिहिलेत. १९३१ सालचे आहेत ते. त्यातला चौथा, 'वाचकाचा वेळ वाचवा', हा मी पहिल्या पानावरच्या एकेका ओळीला लावून बघतो. नुसती वेळच घ्या. 'ग्रंथालय सकाळी ८ ते रात्री ८' असं लिहिलेलं असतं, आणि देवघेव मात्र ११ ते ५ एवढीच चालते. नोकरीवरून सुटून सहाला आलेला माणूस पुस्तक पिशवीत घेऊन तसाच परत जातो. वाचनकक्ष, देवघेव आणि अभ्यासिका यांच्या वेळा वेगवेगळ्या लिहा, साप्ताहिक सुट्टी लिहा, आणि फोन नंबर बोट लावताच लागेल असा ठेवा. हे झालं की पहिल्या पानाचं बरंच काम झालं.

खरी मेहनत शोधाच्या चौकोनात आहे. मराठी पुस्तकांच्या बाबतीत तर फारच, आणि आपल्याकडे नेमकं हेच काम कोणी करत नाही.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकांवर 'कांहीं', 'नांव', 'कवि', 'शक्ति' असं छापलेलं असतं. तालिकाकाराने, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्याने, शीर्षक जसंच्या तसं उतरवलेलं असतं, आणि तालिकेच्या शिस्तीप्रमाणे ते बरोबरच आहे. वाचक मात्र 'काही', 'कवी', 'शक्ती' टाइप करतो. पुस्तक कपाटात असतं आणि पडद्यावर 'एकही नोंद आढळली नाही'. याच्या पुढची पायरी म्हणजे 'वऱ्हाड'. यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारांनी साठवला जातो. एक 'ऱ' या वेगळ्या अक्षराने, दुसरा साध्या 'र' ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाहीत. कोणत्या कीबोर्डवर टाइप झालं यावर ते ठरतं. वाचक पुस्तक 'नाहीच' असं समजून निघून जातो, तक्रारसुद्धा करत नाही.

कोहा वापरत असाल तर यावर बरंच काही करता येतं. त्याच्या झेब्रा या शोधयंत्रात मजकूर फोडण्याच्या सीएचआर आणि आयसीयू अशा दोन पद्धती आहेत. देवनागरीसाठी आयसीयू घ्या, आणि ती लावल्यावर शोधाची सगळी सूची (इंडेक्स) पुन्हा बांधून घ्या. आयसीयूच्या नियमांच्या फायलीत 'ऱ' चे दोन्ही प्रकार एकच मानायला लावणारा नियम घालता येतो. जुन्या लेखनाच्या शीर्षकांसाठी मार्क या नोंदींच्या ठरलेल्या साच्यातल्या २४६ या टॅगमध्ये, म्हणजे पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात, आजच्या लेखनातलं शीर्षक भरा, आणि जमेल तिथे रोमन लिपीतलंही. फोनवर मराठी कीबोर्ड न लावलेला वाचक सरळ इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही. लेखकांच्या नावांसाठी अधिकृत नोंदींची फाइल नीट ठेवा. कुसुमाग्रजांच्या कविता त्या नावाने आणि नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावाने असतात. कवितासंग्रह वाचून झालेल्या मुलीला त्यांची नाटकंही एका शोधात मिळाली पाहिजेत. दोन नावांची सांगड घालणं हे ग्रंथपालाचंच काम. वेब कंपनीतला डेव्हलपर कितीही हुशार असला तरी त्याला हे सुचणार नाही. आपल्या पदवीची किंमत इथे वसूल होते, असं मला वाटतं.

शून्य निकाल आलेले शोध कुठेतरी नोंदले जातील अशी सोय करून घ्या आणि दर महिन्याला ती यादी वाचा. काय दुरुस्त करायचं हे तीच सांगते. कधी कधी काय खरेदी करायचं हेसुद्धा.

आता चाचणीबद्दल. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच माणसांना साइट वापरताना बघितलं तरी बहुतेक अडचणी समोर येतात. मी यात एवढीच भर घालेन, की पाचही जण एकाच वर्गातले घेऊ नका. एक स्पर्धा परीक्षेवाला, एक प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, एक निवृत्त सभासद असं मिश्रण हवं. काम सांगताना मेनूतले शब्द वापरायचे नाहीत. 'ई-रिसोर्सेसमध्ये जा' म्हटलं तर कोणीही जाईल. 'मागच्या वर्षीचा अर्थशास्त्राचा पेपर काढून दाखव' म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं. काउंटरवर मदत करायची सवय झालेला हात आपोआप पुढे जातो.

एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी अशी चाचणी घेत होतो. निवृत्त शिक्षक, फोनवर अक्षरं मोठी केलेली. त्यांना पुस्तकाची मुदत वाढवायची होती. पान वर-खाली करून झालं, अध्यक्षांचं मनोगतही अर्धं वाचून झालं. कोपऱ्यातल्या तीन रेघांना त्यांनी बोट लावलंच नाही. शेवटी मी विचारलं, "काका, या रेघा काय वाटल्या?"

"नक्षी आहे ना ती?"

सगळा मेनू त्या नक्षीच्या आत होता. रेघांच्या जागी 'मेनू' असा शब्द लिहिला, आणि 'पुस्तक शोधा', 'मुदत वाढवा', 'वेळा' ही तीन बटणं उघडी ठेवली. 'ओपॅक' (ऑनलाइन ग्रंथतालिका) हा शब्द साइटवरून काढून टाकला. तो आपल्यापुरता ठीक आहे.

आणखी एक दुखणं सूचनांचं. टाइप करायची, छापायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायची आणि पीडीएफ चढवायची. शेवटी हातात राहतो तो कागदाचा फोटो. एनव्हीडीएसारखं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला त्यात काहीच ऐकू येत नाही, फोनवर तो कागद बोटांनी ताणून वाचावा लागतो. सूचनेचा मजकूर थेट पानावर टाका, सहीची प्रत हवी तर खाली जोडा. कार्यालयाचा मान राहतो आणि वाचकाचं कामही होतं.

मानावरून आठवलं. कार्यकारिणीशी वाद घालू नका. 'सरांचा फोटो वर नको' हे वाक्य कोणत्याही बैठकीत तग धरत नाही, विशेषतः सर समोर बसलेले असताना. त्यापेक्षा चिटणीसांना एका चाचणीला बसवा, फक्त बघायला. आपलाच जुना सभासद मनोगतात अडकलेला बघितला की ते स्वतःच म्हणतात, "हे जरा खाली घेऊ या." मनोगताला 'आमच्याविषयी' या पानावर चांगली जागा द्या. संस्थेचा इतिहास तर नीट लिहून घ्या, आपल्याकडे शंभर-दीडशे वर्षांची ग्रंथालयं आहेत आणि तो वाचायला येणारेही असतात. ते रोज येत नाहीत, इतकंच.

साइट सुरू झाल्यावर ती सांभाळणार कोण, हे करारातच ठरवा. डोमेन संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या तरी खासगी ईमेलवर पासवर्ड अडकलाय, हे मी वारंवार पाहिलंय. लिपिकाला स्वतः बदलता येईल एवढंच पहिल्या पानावर ठेवा. 'नवीन पुस्तके' हा रकाना कोणी भरणार नसेल तर ठेवूच नका, दोन वर्षांपूर्वीची 'नवीन' पुस्तकं फार वाईट दिसतात. सभासदांच्या खात्याला जन्मतारखेचा पासवर्ड देऊन मोकळं होऊ नका. कोण काय वाचतो ही माहिती उघडी पडायला नको.

कामं मिळतात कशी, हा शेवटचा प्रश्न असतोच. फक्त वेबसाइटसाठी वेगळं पद क्वचित निघतं. बरेचसे ग्रंथपाल म्हणून लागतात आणि हे काम अंगावर घेतात, नाहीतर कोहा बसवून देणाऱ्यांकडे जातात. मुलाखतीला जाताना साइटची रंगीत चित्रं नेण्यापेक्षा तुमची वही न्या. सोबत शून्य निकालांच्या दहा-वीस शोधांची यादी, आणि प्रत्येकासमोर तुम्ही नोंदीत काय बदललंत ते. लिनक्सवर कोहा स्वतः बसवून बघा, ते मोफत आहे आणि जुन्या लॅपटॉपवर सरावापुरतं चालतं. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, अहवाल लिहिण्याइतकी शिका. थकीत पुस्तकांची यादी हवी तशी काढून देणारा माणूस कोणत्याही ग्रंथालयाला पहिल्याच आठवड्यात हवाहवासा होतो, आणि मग वेबसाइटबद्दल तुमचं ऐकून घ्यायला सगळे तयार असतात.