विमानतळावर बॅग अडकते ती का, या चुका टाळा

मागच्या वर्षी आईला बंगळुरूला ताईकडे सोडायला मीपण बरोबर गेलो होतो. चेक-इन झालं, बॅग पट्ट्यावरून आत गेली, आमची झडती पण झाली, आता निवांत बसून चकली खातोय तोवर एअरलाइनचा फोन, सर तुमची बॅग थांबवलीय, खाली या. गेलो तर स्क्रीनवर आमच्याच बॅगेचा एक्स-रे. ह्यात सेंद्रिय गोष्टी केशरी दिसतात, धातू निळा, मधलं काहीतरी हिरवं, आणि आमच्या बॅगेत केशरी वाट्यांची उतरंडच लागलेली. खोबरं! बारा वाट्या, आईने साड्यांच्या घडीत दडवलेल्या, फुटू नयेत म्हणून. शेजारी पूजेच्या पिशवीत कापराची डबी आणि काडेपेटी. माझ्यासमोर बॅग उघडली, तिन्ही गोष्टी बाहेर, रजिस्टरला सही, आणि आईचा प्रश्न, "अहो खोबऱ्याने काय होतंय?"

होतं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं आणि ते साठवलं की आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात, स्वतःहून तापणाऱ्या पदार्थांच्या वर्गात धरलंय. कापूर तर पेटतोच, तो हँडबॅगेतही नको आणि चेक-इनमध्येही नको. काडेपेटी, लायटर दोन्हीकडे बंद. ओटीचं आणि पूजेचं सामान पोचल्यावर तिकडेच घ्या, बंगळुरूतही खोबरं मिळतं हो. अडकित्ता, विळी, कात्री हे मात्र चेक-इनमध्ये टाकायचं, हँडबॅगेत ठेवलंत तर जाईल, आणि आजीचा पितळी अडकित्ता गेला की घरी जे ऐकावं लागतं त्याची तयारी ठेवा.

पॉवर बँकचं बरोबर उलटं, ती चेक-इनमध्ये अजिबात नाही, हँडबॅगेतच. कारण लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये कोणीतरी बघतं, विझवतं, खाली सामानाच्या पोटात ते उशिरा कळतं. मर्यादा 100 वॉट-तासांची, 100 ते 160 ला एअरलाइनची परवानगी लागते. डब्यावर वॉट-तास लिहिलेले नसले तर एमएएच गुणिले 3.7 करून 1000 ने भागा, 20,000 वाली 74 निघते, चालते, 30,000 वाली 111 निघते, मग विचारावं लागतं. आणि आकडे पुसून गेलेली स्वस्तातली असेल तर काढून घेतली तर वाद घालू नका, तपासणाऱ्याला ती किती वॉट-तासांची ते कळणार कसं.

आता जी चूक मला सगळ्यात मोठी वाटते ती. बॅग दुसऱ्याने भरणं, किंवा दुसऱ्याची वस्तू नेणं. "अरे दुबईला चाललास ना, एवढं पार्सल आमच्या पुतण्याला दे" हे आपल्याकडे नात्याचंच काम, नाही म्हणता येत नाही. पण चेक-इनला विचारतात ना, बॅग तुम्हीच भरली का, कोणी काही दिलंय का, ते उगाच नाही. 1985 च्या जूनमध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एका माणसाने बॅग पुढच्या एअर इंडियाच्या विमानात जावी म्हणून हट्ट धरला, बॅग गेली, तो स्वतः विमानात बसलाच नाही. 23 जूनला आयर्लंडजवळ समुद्रावर एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान त्या बॅगेतल्या बॉम्बने फुटलं, 329 माणसं गेली. तेव्हापासून बॅग आणि तिचा मालक एकत्रच गेले पाहिजेत या नियमावर जगभर जोर आला. म्हणूनच कोणी चेक-इन करून गेटवर आलंच नाही तर सगळे बसलेले असतानाही त्याची बॅग शोधून उतरवतात, आणि आपण आत बसून "काय उशीर लावलाय" म्हणतो.

सिक्युरिटीच्या बऱ्याच नियमांमागे अशी एकेक घटना आहे. 1999 च्या डिसेंबरात काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान कंदाहारला पळवून नेलं, त्यानंतर आपल्याकडे विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे गेली, सुरुवात 2000 मध्ये जयपूरहून. 2001 ला बुटात स्फोटकं घेऊन एक जण पॅरिसहून मायामीच्या विमानात बसला, तेव्हापासून बुटांकडे सगळे संशयाने बघायला लागले. 2006 ला लंडनला बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात हँडबॅगेतल्या द्रवांना 100 मिलीची अट आली, त्यात तूप, लोणच्याचा खार, श्रीखंड सगळं द्रवातच मोजतात. आणि अट बाटलीच्या मापाची असते, 200 मिलीच्या बाटलीत तळाशी चार थेंब उरलेत हे सांगून उपयोग नाही.

कोणाची बॅग मागून घेतली असेल तर ती उलटी करून झटका, प्रत्येक कप्पा. काकांकडे परवान्याची बंदूक, त्यांनी कधीतरी शेतावर नेलेली बॅग तुम्ही घेतली आणि बाजूच्या चेनमध्ये एक काडतूस राहिलं तर एक्स-रेमध्ये ते लगेच दिसतं. मग पोलीस, शस्त्र कायद्याची केस, आणि "माझी बॅग नाही" म्हणून लगेच सुटका होत नाही. तसंच सॅटेलाइट फोन. परदेशातले मित्र गोव्याला येणार असतील तर आधीच सांगून ठेवा, ट्रेकिंगला वापरतात ते सॅटेलाइटवाले यंत्र परवानगीशिवाय भारतात चालत नाही, त्यापायी गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुणे खरोखर अडकलेत.

जोक करू नका. "काय बॉम्ब आहे का बॅगेत" हे तुम्ही हसत म्हणता, समोरच्याला ते नोंदवावंच लागतं. मग तुम्ही बाजूला, बॅग बाजूला, पोलिसांना फोन, धमकी किती खरी ते ठरवणारी समिती बसते, प्रसंगी विमान लांब एका कोपऱ्यात नेऊन रिकामं करतात. 2024 च्या ऑक्टोबरात खोट्या धमक्यांचा नुसता पाऊस पडला होता, त्यामुळे विनोद ऐकून घ्यायच्या मूडमध्ये कोणी उरलेलं नाही.

पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे धावपट्टीचे, लढाऊ विमानांचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत, रीलसाठी तर नाहीच.

झडतीच्या रांगेत लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर वेगळ्या ट्रेमध्ये. वायरींचा गुंता बॅगेत तसाच राहिला की एक्स-रेवाला मागे-पुढे करत बसतो आणि मागची रांग तुमच्याकडे बघत बसते. मंगळसूत्र, अंगठी सुटं ट्रेमध्ये टाकू नका, काढायला लागलंच तर बॅगेच्या चेनच्या कप्प्यात टाका. पेसमेकर असेल तर मेटल डिटेक्टरच्या दारातून जायच्या आधी सांगा आणि डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा, वेगळी तपासणी करतात. हातमोजा घातलेला माणूस बॅगेवर कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घालतो ना, तो स्फोटकांचे कण शोधतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, गप उभं राहायचं.

आणि बॅगसाठी फोन आलाच तर लगेच निघा, कुलपाची किल्ली बरोबर घ्या, गेट साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं. आमची किल्ली आईच्या पर्समध्ये, आई गेटजवळ, मी खाली, त्यात दहा मिनिटं गेली.