अदासाच्या टेकडीकडे सायकल नेताना

नागपूरहून काटोल रोडने फेटरी, पुढे कळमेश्वर, धापेवाडा आणि मग अदासाच्या गणपतीची टेकडी. रोड बाइकवर चढाचा सराव करायला मला ही वाट फार आवडते. रस्ता सलग उंच जात नाही, लहान-लहान चढउतार येत राहतात. म्हणून चढ लागायच्या आधीच गिअर हलका करा; जोर लावून बसल्यावर बदलला की चेन अडकते.

पावसाळ्यात आणि पेरणीच्या दिवसांत खरी काळजी उताराची. पऱ्हाटीच्या, संत्र्याच्या शेतांतून ट्रॅक्टर बाहेर पडतात तिथे चाकांची काळी माती डांबरावर पसरते. ओली झाली की ती साबणासारखी होते आणि बारीक टायर क्षणात घसरतो. असा पट्टा दिसला की त्याच्या आधीच, सरळ रेषेत असताना वेग कमी करा. मातीवर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका, चाक तसंच जाऊ द्या. माती ब्रेकपाशी साचली तर थांबून काडीने काढा.

परतताना कळमेश्वर सोडल्यावर तोंड साधारण पूर्वेकडे असतं. सकाळचं ऊन तुमच्या डोळ्यांवर येतं, तसंच मागून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही. त्यामुळे लख्ख उजेडातसुद्धा मागचा लाल दिवा चालू ठेवा. सावनेरमार्गे फेरी पूर्ण करायचा मोह होईल, पण तिकडे कोळशाची जड वाहनं असतात. आल्या वाटेनेच परता. एप्रिल-मे महिन्यांत उजाडायच्या आधी निघा आणि दोन बाटल्या पाणी ठेवा.