"मी सख्खा भाऊ हाय" एवढ्यावर फाईल देऊ नका

कोल्हापुरात पेशंट एकटा येत नाही. राधानगरी, गडहिंग्लज, निपाणीकडून गाडी भरून पाहुणे येतात. वॉर्डात नव्यानं रुजू झालेल्या सिस्टरला किंवा इंटर्नला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, "मी सख्खा भाऊ हाय, जरा रिपोर्ट दावा की." त्याची काळजी खरी असते. तरी नातं म्हणजे परवानगी नव्हे. नवराही याला अपवाद नाही.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार कागद मागता येतात ते रुग्णाला, त्यानं अधिकार दिलेल्या माणसाला किंवा कायदेशीर यंत्रणेला. मागणीची नोंद करून ७२ तासांत कागद द्यायचे असतात. म्हणजे अडवून धरणंही चूकच.

रुग्ण शुद्धीत असेल तर आधी त्याला विचारा, आणि पाहुण्यांना बाहेर थांबवून विचारा. भावासमोर विचारलं की तो "द्या की" असंच म्हणणार. अर्जावर आयपीडी नंबर (दाखल रुग्णाचा नोंदणी क्रमांक), कुणाला आणि नेमके कोणते कागद द्यायचे ते, तारीख आणि रुग्णाची सही हवी. अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्या. नेणाऱ्याचं ओळखपत्र बघा, झेरॉक्स अर्जाला जोडा. मूळ केसपेपर हातात देऊ नका. पानांवर नंबर आणि शिक्का मारलेली प्रत द्या, पोच घ्या. अर्जात नुसतं "पूर्ण फाईल" लिहिलं असेल तर कशासाठी हवी ते विचारा. बऱ्याचदा डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि रिपोर्ट एवढ्यावर काम भागतं.

सगळ्यात जास्त गफलत होते ती बाईच्या कागदांत. प्रसूतीच्या केसपेपरवर "जी३ पी१ ए१" लिहिलेलं असतं, म्हणजे तिसरं गरोदरपण, एक बाळंतपण, एक गर्भपात. त्यातला "ए" म्हणजे गर्भपात, आणि तो सासरी कुणाला ठाऊक नसेल तर त्या एका अक्षरानं तिचं घर हादरतं. सज्ञान बाईला कायदेशीर गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. तिची ओळख उघड करणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीचा रिपोर्टही तसाच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तो दुसऱ्याला दाखवायला रुग्णाची लेखी, समजून दिलेली संमती लागते. जोडीदाराला सांगायचं का, हे डॉक्टर आणि समुपदेशक कायद्याच्या चौकटीत ठरवतील. ते काम तुमचं नव्हे.

फोनवर काहीच सांगू नका, व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो तर नाहीच. नगरसेवकांचा फोन आला तर नम्रपणे म्हणा, "साहेब, पेशंटच्या सहीचा अर्ज घेऊन माणूस पाठवा, लगेच काढून देतो." पोलीस आले तर तपास अधिकाऱ्याचं पत्र घ्या आणि वरिष्ठांना कळवा. रुग्ण दगावला असेल आणि दोन भाऊ वेगवेगळे अर्ज घेऊन उभे असतील, तर दोघांच्या अर्जांना पोच द्या आणि फाईल त्याच दिवशी अधीक्षकांकडे पाठवा.