डिनर जॅकेटचा रंग: शिवायला टाकण्याआधी

कार्डावर ‘ब्लॅक टाय’, म्हणजे डिनर जॅकेट आणि बो टाय घालून या, असं छापलेलं दिसलं की आमच्या कुडाळकडे माणूस दोनच गोष्टी करतो. एकतर घाबरतो, नाहीतर तडक येऊन काळं कापड फाडायला सांगतो. दोन्ही करू नका. त्यातला ब्लॅक आहे तो बो टायचा. जॅकेट काळं, मिडनाइट ब्लू म्हणजे काळसर गडद निळं, किंवा हस्तिदंती, तिन्हीपैकी कुठलंही चालतं. म्हणून आधी यजमानाला फोन लावा आणि विचारा, जेवण छपराखाली की उघड्यावर, आणि बंदगळा चालेल का? चालत असेल आणि घरात चांगला काळा बंदगळा पडून असेल, तर माझ्याकडे येऊच नका. पैसे वाचले.

यायचंच असेल तर दिवेलागणीनंतर या. हे मी सगळ्यांना सांगतो, ऐकतात थोडे. हे कपडे रात्री घालायचे, मग भर दुपारी दारातल्या उजेडात ताका बघून काय कळणार? मी स्वतः फसलोय. भावाच्या रिसेप्शनला स्वतःसाठी काळं जॅकेट शिवलं. दुकानात कोळशासारखं दिसणारं ते कापड हॉलच्या पिवळ्या दिव्यांखाली हिरवट मारायला लागलं. अल्बम उघडला की बायको अजून मला ‘शेवाळ’ म्हणते. स्वस्त काळ्या रंगाची ही खोड जुनी आहे. मिडनाइट ब्लू दिव्याखाली काळ्याहून काळा दिसतो, तो याच कारणानं रुजला. पुढे ड्यूक ऑफ विंडसर म्हणून ओळखल्या गेलेल्या इंग्लंडच्या युवराजानं 1920 आणि 30 च्या दशकांत तो वापरला आणि बघता बघता लोकांनी उचलला.

गेल्या डिसेंबरात बोटीवरचा एक मुलगा सुट्टीवर आला होता. बहिणीचं रिसेप्शन गोव्यात, हॉटेलच्या हॉलात. बरोबर आलेले मामा म्हणाले, “काळोच शिव रे बाबा, सगळे काळोच घालतत.” मी काही बोललो नाही. ट्यूबलाइट बंद केली, पिवळा बल्ब लावला आणि काउंटरवर काळा तुकडा, त्याला चिकटून मिडनाइट ब्लू ठेवला. मामा चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि त्यांनी बोट ठेवलं ते निळ्यावर: “ह्योच काळो.” मिडनाइट ब्लू म्हणून कुणी नेव्ही ब्लू गळ्यात मारत नाही ना, हेही असंच तपासा. रात्री काळ्याशेजारी ठेवूनही निळा ओळखू आला, तर तो ऑफिसच्या सुटाचा रंग.

उघड्यावर, वेंगुर्ल्या-तारकर्लीच्या वाळूत मांडव असेल तर हस्तिदंती घ्या. हे जॅकेट उष्ण मुलखासाठीच आहे. जुन्या रिवाजानं इंग्रज ते स्वतःच्या देशात उन्हाळ्यातही घालत नाहीत. पण पांढराशुभ्र नको, त्याच्यापुढे शर्ट मळका दिसतो. पहिल्या पिळ्याच्या नारळाच्या रसाचा रंग मनात धरा. आपल्या सावळ्या अंगावर तो खुलतोही झकास. काळ्या-निळ्या जॅकेटच्या लॅपलला, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीला, सॅटिन किंवा ग्रोग्रेन हे बारीक रेघांचं रेशमी कापड लागतं, याला मात्र लॅपल त्याच कापडाचा, आणि पँट काळीच. जेवणात कोलंबीचं सुकं आणि सोलकढी असेल, तर तुमच्या हाताचा भरवसा तुम्हाला ठाऊक.

मरून वेल्व्हेट विचारायला दर हंगामात कोणीतरी येतोच. तो घरच्या मैफलीचा रंग, आणि आमच्याकडे फेब्रुवारीतही त्यात माणूस उकडून निघतो. चमकणारा सिल्व्हर ग्रे ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी सोडा.

रंग ठरला की कापड हातात घेऊन वजन विचारा. मीटरला 250 ग्रॅमच्या आसपासचं ट्रॉपिकल वूल, म्हणजे हलकं लोकरी कापड, आपल्या दमट हवेला पुरे. पाठीला अस्तर अर्धंच सांगा. डबल पन्ह्याचं दोन मीटर कापड साधारण जॅकेटला होतं. धिप्पाड माणसानं आधी माप द्यावं, मग कापड घ्यावं. काळं किंवा निळं असेल तर पँटचं कापड त्याच ताक्यातून, त्याच दिवशी घ्या. नंतर आणलेला निळा क्वचितच जुळतो.

बाकीचं पटकन. शर्ट पांढरा, शूज काळे आणि आरशासारखे. कमरबंद काळा, चुण्यांची तोंडं वर. लाजू नका, वस्तू आपल्याच इकडची आहे. 19 व्या शतकात इथल्या उकाड्याला कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी वेस्टकोटाऐवजी ती उचलली. बो टाय बांधायचा सराव आदल्या आठवड्यात करा, गाडीत बसल्यावर नव्हे.

जांभ्याची लाल धूळ लागली तर ओल्या रुमालानं पुसू नका, तो डाग मग मुरतो. सुकू द्या आणि ब्रशनं झाडा. परत आल्यावर जॅकेट रात्रभर पंख्याखाली टांगा. मृगाआधी ड्रायक्लीनला देऊन मलमलच्या पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. पावसाळ्यात आत बुरशी धरते. आणि हस्तिदंती असेल तर काळी पँट वेगळ्या हँगरला. तिचा रंग जॅकेटला लागला, तर तो काढून द्यायचं काम मी घेत नाही.