श्टुटगार्टला आलात? पहिल्या महिन्यात या चुका टाळा

मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. आता तर गाड्यांच्या कंपन्यांमुळे पुण्याहून इथे येणारी मराठी मुलं-मुली सतत भेटतात. कुकर, गोडा मसाला, मिक्सर, सगळं आठवणीने आणलेलं असतं. घोडं अडतं ते टपालपेटीपाशी.

पेटीवर नाव न लावणं

ही चूक मी स्वतः केली, म्हणून आधी तीच. इथे पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो, आणि ते नसलं तर पाकीट आल्या वाटेने परत जातं. मी एका घरात पोटभाडेकरू होते आणि पेटीवर फक्त मूळ भाडेकरूचं नाव होतं. बँकेचं कार्ड एका पाकिटातून येतं, पिन दुसऱ्या. माझी दोन्ही पाकिटं परत गेली आणि मी तीन आठवडे रोख पैशांवर काढले. विम्याचं कार्ड आणि कर क्रमांकही टपालानेच येतात. म्हणून किल्ली हातात पडेल त्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून पेटीवर आणि बेलवर चिकटवा. पक्की पाटी मागाहून लागेल. दुसऱ्याच्या घरी राहत असाल तर पत्त्यात स्वतःच्या नावाखाली ‘बाय’ (bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) आणि त्या घरच्यांचं आडनाव लिहा.

आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. इथे ते तुमचं दुसरं नाव समजलं जातं. त्यात चूक काही नाही, पण सगळीकडे पासपोर्टाप्रमाणेच नाव द्या. एका फॉर्मवर आखूड आणि दुसऱ्यावर पूर्ण लिहिलंत की पुढे दोन नोंदी जुळवत बसावं लागतं.

फक्त भाडेकरार घेऊन नोंदणीला जाणं

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांसाठीच्या पालिका कार्यालयात, पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिथे भाडेकरार पुरत नाही. घरमालकाने सही केलेला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा एक पानी फॉर्म लागतो. तो द्यायला मालक बांधील आहे, तेव्हा संकोच न करता घर ठरवतानाच मागा. जो मालक ‘राहा, पण नोंदणी करू नका’ म्हणतो, त्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. पत्ता पक्का झाला की भारतातूनच अपॉइंटमेंट घ्या.

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांक येतो. तो कंपनीकडे वेळेत पोचला नाही तर सर्वांत जड अशा सहाव्या वर्गाने कर कापला जाऊ शकतो. ते पैसे नंतर मिळतात, पण पहिल्याच पगाराला कात्री लागते.

अनामतीबद्दल इतकंच: ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेहून, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून उरलेल्या भाड्याहून, जास्त मागता येत नाही आणि तीन हप्त्यांत देता येते. घर न बघता, किल्ली न घेता एक युरोही पाठवू नका.

‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ म्हणून पत्र फेकून देणं

रुंडफुंकबाइट्राग हा सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीचा शुल्क दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे. टीव्ही असो वा नसो, तो भरावाच लागतो. मात्र तो माणशी नसून घराचा असतो. चौघे एकत्र राहत असाल तर एकाने भरायचा आणि बाकीच्यांनी आलेल्या पत्राच्या उत्तरात त्याचा शुल्क-क्रमांक कळवायचा. गप्प बसलात तर थकबाकी साचत जाते.

खिडक्या बंद ठेवून स्वयंपाक करणं

हिवाळ्यात आपण खिडक्या गच्च लावून घेतो. आत कुकरच्या शिट्ट्या होतात, वरण उकळतं, दोरीवर कपडे वाळतात. ती वाफ गार भिंतीवर जमते आणि महिन्याभरात कपाटामागे काळी बुरशी धरते. घर सोडताना त्याचे पैसे अनामतीतून कापले जातात आणि भांडण होतं ते वेगळंच. खिडकी नुसती तिरकी करून ठेवल्याने हवा फारशी बदलत नाही, भिंत मात्र गार पडते. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. स्वयंपाकानंतर आणि आंघोळीनंतर तर नक्कीच. हीटरची चकती ३ वर ठेवली की खोली साधारण २० अंशांवर राहते. ५ वर नेल्याने ती लवकर तापत नाही.

बारीकसारीक, पण महागात पडणाऱ्या गोष्टी

दार नुसतं ओढून लावलं तरी किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी, आणि एक जास्तीची किल्ली विश्वासाच्या माणसाकडे. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच आणा. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर लावू नका. रात्री ताप आला तर थेट हॉस्पिटलात न जाता डॉक्टरांच्या सेवेच्या ११६११७ या नंबरवर फोन करा. जीव धोक्यात असेल तर ११२. डॉइचलांडटिकिट, म्हणजे देशभरच्या बस-लोकलचा मासिक पास, नको असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातात.

दारावरची पाटी दुर्लक्षित करणं

एखाद्या सोमवारी तुमच्या दारावर ‘केअरवोखे’ लिहिलेली पाटी लटकलेली दिसेल. या आठवड्यात जिना झाडायची-पुसायची पाळी तुमची, असा तिचा अर्थ. श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातली ही जुनी रीत आहे आणि बहुतेक वेळा भाडेकरारातही लिहिलेली असते. छोट्या केअरवोखेत आपल्या मजल्याचा जिना येतो. मोठीत तळघर, अंगण, फूटपाथ आणि हिवाळ्यात बर्फही. न केल्यास शेजारी तोंडावर फारसं बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात. माझी वरच्या मजल्यावरच्या आजींशी पहिली ओळख मी शनिवारी बादली घेऊन जिन्यात उभी असतानाच झाली. कुठला कोपरा राहिला ते त्यांनीच दाखवलं, आणि तेव्हापासून माझी पार्सलं त्या घेऊन ठेवतात. पुसून झालं की रविवारी संध्याकाळी पाटी शेजारच्या दारावर अडकवा.