ईसीजीच्या पट्टीवरून ठोके हाताने कसे मोजायचे

मशीन पट्टीच्या माथ्यावर रेट, म्हणजे मिनिटाला किती ठोके, छापतं, तरी तो हाताने ताडून पाहावाच. उंच टी लाट (ठोक्याच्या टोकानंतर येणारा गोलसर उंचवटा) दिसली की मशीन तिलाही ठोका समजू शकतं आणि ७० चे १४० छापतं. पेशंट थरथरत असेल तरी असाच घोळ होतो.

आधी कागदाचा वेग बघा. बहुतेक वेळा तो सेकंदाला २५ मिमी असतो. म्हणजे बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच बारकांचा मोठा चौकोन ०.२ सेकंदाचा. कुणी बटण दाबून वेग ५० वर नेला असेल तर खालच्या सूत्रांत ३०० च्या जागी ६०० आणि १५०० च्या जागी ३००० घ्या. नाहीतर ८० ठोक्यांचा माणूस ४० चा ठरतो.

मग ठोके नियमित आहेत का ते बघा. कागदाच्या कपट्यावर लागोपाठच्या दोन 'आर' टोकांच्या (प्रत्येक ठोक्याचं उंच, अणकुचीदार टोक) खुणा करा आणि कपटा पुढे सरकवत न्या. खुणा प्रत्येक टोकाशी जुळल्या तर ताल नियमित. अशा वेळी जाड रेषेवर बसलेलं एक 'आर' टोक शोधा आणि पुढच्या जाड रेषांवर म्हणत जा: ३००, १५०, १००, ७५, ६०, ५०. पुढचं टोक ज्या रेषेवर येईल तो रेट. टोक दोन रेषांच्या मधे आलं तर दोन टोकांमधले बारीक चौकोन मोजून त्या आकड्याने १५०० ला भागा. चार मोठे आणि दोन बारीक म्हणजे २२. १५०० भागिले २२, साधारण ६८.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ताल अनियमित होतो तेव्हा, हे सूत्र लावूच नका. दोन ठोक्यांतलं अंतर दरवेळी बदलतं, त्यामुळे एका जोडीवरून काढलेला आकडा काहीही येऊ शकतो. तिथे ३० मोठे चौकोन, म्हणजे ६ सेकंद, घ्या. त्यातले क्यूआरएस (ठोक्याचा टोकदार भाग, ज्यात 'आर' टोक असतं) मोजून १० ने गुणा. १० सेकंदांची पट्टी असेल तर ६ ने गुणा, तो आकडा जास्त भरवशाचा. ग्रामीण रुग्णालयातलं तीन चॅनेलचं मशीन ऑटोवर एकेका लीडचे (हृदयाकडे एका दिशेने बघणारी रेघ) दोन-तीन सेकंदच छापत असेल, तर मॅन्युअलवर टाकून लीड टू ची लांब पट्टी काढा. मनगटाची नाडीही मोजा. फिब्रिलेशनमध्ये ती ईसीजीपेक्षा कमी भरू शकते, म्हणून दोन्ही आकडे लिहा.

कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये वरच्या कप्प्यांचे संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाहीत, म्हणून पी (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) आणि क्यूआरएस (खालच्या कप्प्यांचा ठोका) वेगवेगळे मोजावे लागतात. पी-पी चार मोठे चौकोन तर ७५, आर-आर आठ मोठे चौकोन तर ३७-३८. हार्ट रेट म्हणून दुसरा आकडा सांगायचा. आणि रेट १५० च्या आसपास, अगदी एकसारखा असेल तर फ्लटरची (वरचे कप्पे फार वेगाने पण तालात धडधडतात) शंका घ्या. रेट ४० च्या खाली किंवा १५० च्या वर आणि सोबत चक्कर, छातीत दुखणं किंवा बीपी कमी असेल तर हिशोब बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना बोलवा.

बीड-परभणीकडच्या मे महिन्यात घामाने छातीचे कप निसटतात, रेघ हलते आणि त्या हालचालीलाही मशीन ठोका धरतं. कातडी कोरडी पुसून, जेल बेताने लावून पट्टी पुन्हा काढा. थर्मल कागद उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर खराब होतो. म्हणून फोटो लगेच काढा आणि अंबाजोगाईच्या किंवा लातूरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवताना वेगाचा आकडा फोटोतून कापला जाणार नाही हे बघा.